जुन्या पिकअपला बाहेरचा व्हायझर: पैसे कुठे लागतात, कुठे वाचतात

होळी आटोपली की मौद्यात हा प्रश्न सुरू होतो: पिकअपच्या टपाला समोरून व्हायझर लावायचा आहे, किती लागतील? उत्तर बहुतेक वेळा एका आकड्यात मिळतं. दोन हजार, फार तर अडीच. आकडा खोटा नाही, पण तो फक्त व्हायझरचा आहे. दहा-पंधरा वर्षं चाललेल्या गाडीत खरा खर्च व्हायझरच्या मागे, टपाच्या पत्र्यात आणि काचेच्या रबरात दडलेला असतो. तिथे काय निघेल, हे आधी पाहिलं तर काम दोन-तीन हजारांत आटोपतं. न पाहता ड्रिल चालवली तर पहिल्याच मृगात केबिनमध्ये पाणी टपकतं आणि तेच काम सात-आठ हजारांवर जातं.

त्याही आधी एक प्रश्न स्वतःला विचारा. तुमची गाडी कोणत्या वेळी कोणत्या दिशेला धावते?

मौदा राष्ट्रीय महामार्ग ५३ वर आहे, म्हणजे जुन्या ६ नंबरच्या हायवेवर. इथून नागपूर जवळजवळ सरळ पश्चिमेला आणि भंडारा सरळ पूर्वेला. भाजी, मिरची किंवा धान घेऊन पहाटे नागपूरच्या कळमन्याला निघणाऱ्याच्या पाठीशी सूर्य असतो. तोच माणूस संध्याकाळी परत आला तरीही सूर्य पाठीमागेच. त्याच्या डोळ्यांवर तिरीप येतच नाही, त्याला छळते ती अकरा-बाराच्या परतीची काहिली. जो सकाळी भंडाऱ्याकडे जातो आणि संध्याकाळी मौद्याला फिरतो, त्याच्या मात्र दोन्ही वेळा सूर्य थेट समोर. नागपुरात राहून सकाळी मौद्याच्या एनटीपीसीकडे माल टाकायला येणाऱ्याचंही तेच. उमरेड किंवा रामटेकच्या बाजूला फिरणाऱ्याला ऊन बहुतेक खिडकीतून लागतं, आणि समोरचा व्हायझर खिडकीच्या उन्हाला काही करू शकत नाही.

आता गंमत अशी की ज्याला समोरची तिरीप सर्वांत जास्त त्रास देते, त्यालाच बाहेरच्या व्हायझरचा उपयोग सर्वांत कमी. कारण साधं आहे. पिकअपच्या सीटवर बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून पावणेदोन मीटरच्या आसपास असतो. दहा मीटर पुढचा, पाच मीटर उंचीवरचा सिग्नल दिसायचा असेल तर समोरून वर साधारण १८ अंशांपर्यंतचा भाग मोकळा ठेवावाच लागतो. व्हायझर त्याच्या खाली आला की पारडीपासून पुढे शहरात शिरताना प्रत्येक चौकात मान वाकवून सिग्नल शोधावा लागेल. आणि आपल्या अक्षांशावर सूर्याला क्षितिजापासून १८ अंश वर यायला सव्वा तासाच्या आसपास लागतो. म्हणजे उगवल्यानंतरचा आणि मावळण्याआधीचा सव्वा तास, जेव्हा तिरीप आंधळं करते, तेव्हा सूर्य व्हायझरच्या खालून सरळ डोळ्यात येतो. या वेळेचा उपाय आतला फ्लॅप, स्वच्छ काच आणि चांगला गॉगल. जुन्या काचेवर वायपरने ओरखडे पाडलेले असतील तर समोरचा उजेड त्या ओरखड्यांवर फुटतो आणि अख्खी काच पांढरी दिसू लागते. अशा गाडीत भंडारा लाइनवर फिरणाऱ्याने व्हायझरचे पैसे बाजूला ठेवावेत आणि वायपरची पाती बदलून, जमलं तर काचच बदलून घ्यावी. नवी काच घेताना वर रंगीत पट्टी असलेली मागा. फरक थोडा पडतो, पण उपयोग रोजचा.

बाहेरच्या व्हायझरचं खरं काम सकाळी नऊ ते दुपारी साडेचारच्या मधलं. नागपूरला मे २०१३ मध्ये ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं, आणि दर नवतपाला पारा ४५ च्या आसपास घुटमळतो हे इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. त्याच नवतपात, २६ मेच्या सुमारास, नागपूर-मौद्याच्या पट्ट्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. तेव्हा काचेच्या वरच्या काठापासून २५ सेंटिमीटर पुढे आलेला व्हायझर जुन्या पिकअपच्या, फारशा न कललेल्या काचेचा अर्ध्याहून जास्त भाग सावलीत ठेवतो. सकाळी नऊला पूर्वेकडे तोंड करून जाताना मात्र वरचा वीतभर भागच झाकला जातो. स्टिअरिंग, डॅशबोर्ड आणि ड्रायव्हरच्या गुडघ्यांवर पडणारं ऊन कमी होणं, एवढीच यातून अपेक्षा ठेवा. केबिन एसीसारखी गार होणार नाही.

आणि केबिन तापते ती काचेइतकीच टपातून. टपाचा रंग करपून काळपट पडला असेल, गंज दिसत असेल, तर त्याच पांढऱ्या रंगाचा नवा हात मारणं हा व्हायझरपेक्षा स्वस्त आणि कदाचित जास्त उपयोगी खर्च आहे. आपल्याकडच्या बहुतेक पिकअप पांढऱ्याच असतात, त्यामुळे आरसीवरचा रंग बदलण्याची भानगड येत नाही. टप घासून, प्राइमर मारून रंगवायला सामानासह साधारण आठशे ते दीड हजार. दोन्ही करायचं असेल तर रंग आधी, व्हायझर नंतर. हा क्रम उलटला तर व्हायझर दोनदा काढावा-घालावा लागतो आणि मजुरीही दोनदा जाते.

टप आधी वाचून घ्या

गॅरेजला जाण्याआधी घरीच अर्धा तास द्या. सोबत एक छोटं चुंबक घ्या. जुन्या स्पीकरमधलं चालेल. समोरच्या काचेच्या वरच्या काठापासून मागे हातभर पट्टा आणि दोन्ही कोपरे त्या चुंबकाने चाचपा. पत्रा शाबूत असेल तिथे चुंबक पटकन चिकटतं. जिथे ओढ ढिली वाटते किंवा चिकटतच नाही, तिथे रंगाखाली लांबी भरलेली आहे, आणि लांबी भरलेली म्हणजे खाली कधीतरी पोचा किंवा गंज होता. अशा जागी ब्रॅकेटचा बोल्ट धरणार नाही. हायवेच्या वाऱ्याने लांबी तडकते आणि बोल्टच्या भोवती पाणी शिरतं.

मग काचेच्या रबराकडे या. वरच्या दोन्ही कोपऱ्यांत रबराची ओठाळी बोटाने हळूच उचला. आत तपकिरी चूर दिसला, किंवा पत्र्याची कड खरवडल्यावर पापुद्रा निघाला, तर काम व्हायझरचं राहिलेलं नाही. काच उतरवून कड साफ करणं, गंज मारणं, गरज असेल तिथे तुकडा जोडणं आणि नवं रबर घालून काच परत बसवणं, हे सगळं आधी. काच काढ-घालीची मजुरी आणि नवं रबर मिळून हजार ते दीड हजार, पत्र्याचं काम दीड ते तीन हजार. जुनी काच उतरवताना तडकण्याचा धोका असतोच. तडकली तर पैसे कोणाचे, हे हात लावण्याआधी मिस्त्रीशी बोलून घ्या. मॉडेलप्रमाणे काचेचे अडीच ते साडेचार हजार लागतात, आणि भांडणं नेमकी इथेच होतात.

तिसरी गोष्ट, टपाच्या दोन्ही बाजूंना दरवाज्यांच्या वर पाणी वाहून नेणारं गटर आहे का ते पाहा. जुन्या बोलेरो पिकअपला, टाटा २०७ ला ते ठळक असतं, बोट आत जातं. ज्या गाडीला असं गटर आहे तिचा मालक नशीबवान. कॅरियर बसवतात तसा क्लॅम्प त्या गटरला आवळला की दोन्ही बाजूंचे आधार एकही भोक न पाडता मिळतात. ज्या गाड्यांना गटर नाही किंवा नावापुरतं आहे, तिथे दरवाज्याच्या चौकटीच्या वरच्या कडेला धरणारे ब्रॅकेट करून घेता येतात. पण दरवाज्याचं रबर दबत नाही ना, एवढं पाहा.

कोणता घ्यावा

बाजारात तीन-चार प्रकार मिळतात. धुरकट अ‍ॅक्रेलिकचा तयार व्हायझर दिसायला सर्वांत छान आणि नऊशे ते अठराशेत मिळतो. विदर्भाच्या उन्हात मात्र तो सांभाळून घ्यावा लागतो. अ‍ॅक्रेलिक उष्णतेने पोलादापेक्षा सहा पट फुगतं. दीड मीटर लांबीची पट्टी डिसेंबरच्या पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत लांबीला पाच-सहा मिलिमीटर कमी-जास्त होते. भोक बोल्टच्या मापाचंच पाडलं असेल तर हे फुगणं-आकसणं जाईल कुठे? भोकापासून केसासारखी बारीक चीर निघते, उन्हाळाभर लांबत जाते आणि एके दिवशी एखादा ट्रक शेजारून गेला की कोपरा तुटून हायवेवर पडतो. म्हणून अ‍ॅक्रेलिक घेतलंच तर मधलं एक भोक बोल्टच्या मापाचं आणि बाजूची भोकं लांबट हवीत, दोन्हीकडून रबरी वायसर हवेत, आणि नट पाना लावून पिळून आवळायचा नाही. दुकानदार सोबत देतो तो सेट गोल भोकांचा असेल तर ती आधी लांबट करून घ्या.

फायबरचा व्हायझर बाराशे ते अडीच हजारांत येतो. हलका असतो, गंजत नाही, आणि फुटला तर दुरुस्त होतो. जाडी सारखी आहे का ते उजेडासमोर धरून पाहा. पातळ जागा लगेच उजळ दिसते. माझ्या मते जुन्या पिकअपला हा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा बरा.

पत्र्याचा व्हायझर वेल्डरकडे बनवून घेण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. त्यावर गावाचं, मुलांचं, देवाचं नाव टाकता येतं, हे त्याचं मोठं आकर्षण. त्यात गैर काही नाही. फक्त हिशेब वजनाने करा. साधारण पिकअपचा व्हायझर दीड मीटर लांब आणि वळणासकट ३० सेंटिमीटर रुंद, म्हणजे अर्ध्या चौरस मीटरला थोडा कमी. १८ गेजचा, म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला ९.४ किलो भरतो. तुमच्या व्हायझरला लागला सव्वाचार किलो. कापण्यातली घट धरून पाच. किलोला ८० ते १०० रुपये भाव धरला तरी पत्रा चारशे-पाचशेचा. ब्रॅकेट, नट-बोल्ट, प्राइमर, रंग आणि मजुरी मिळून बारा ते अठराशेत हे काम बसायला हवं. केवळ पत्र्याचे बाराशे सांगितले तर वजन करून दाखवायला सांगा. ताणून न बोलता, "भाऊ, काट्यावर ठेवून पाहू" एवढं म्हटलं तरी पुरतं.

दीड मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियम पत्रा याच मापाला दोन किलोच्या आत बसतो. किलोचा भाव लोखंडाच्या तिप्पट-चौपट, तरी पत्र्याची किंमत सहा-सातशेच्या पुढे जात नाही. पुढची कड एकदा दुमडून घेतली की तो थरथरत नाही. एक काळजी घ्यावी लागते. अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड थेट एकमेकांना टेकले आणि त्यात पावसाचं पाणी राहिलं की जोडाची जागा लवकर खराब होते. मध्ये रबर किंवा नायलॉनचा वायसर घातला की हा प्रश्न सुटतो, आणि वायसरला रुपये पाच-दहा लागतात.

तयार व्हायझरचं बिल घेताना जीएसटीकडे लक्ष द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर २८ नाही, १८ टक्के कर आहे. जुन्या टक्क्याने हिशेब मांडला असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या.

बसवताना जवळ उभे राहा

मिस्त्री म्हणेल, "भाऊ, भोक मारूनच पक्कं बसते." अर्धं खरं आहे. वाऱ्याचा जोर हलका समजू नये. ताशी ८० किलोमीटर वेगाला सरळ समोर धरलेल्या एक चौरस मीटर फळीवर वारा सुमारे ३० किलोचा दाब देतो. व्हायझर त्याच्या अर्ध्याहून कमी आणि तिरपा, तरी आठ-दहा किलोची ओढ धरून चाला. समोरून कंटेनर गेला की क्षणभर ती वाढते. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, त्यामुळे गावात ४० च्या वेगाने चाचणी घेऊन "हलत नाही" म्हणणं पुरेसं नाही. कन्हानच्या पुलापर्यंत हायवेवर एक फेरी मारून, थांबून, प्रत्येक नट हाताने पाहावा.

बाजूचे दोन क्लॅम्प गटरला धरले तर उरतो मधला आधार. दीड मीटरच्या व्हायझरला मध्ये आधार नसेल तर तो फडफडतो. तयार सेटमध्ये कधी मधला पाय रबरी बुटाचा असतो, तो टपावर नुसता टेकतो आणि भोक लागत नाही. तो चालतो, फक्त खाली धूळ साचून रंग घासला जाऊ नये म्हणून वर्षातून एकदा उचलून पुसावा. बोल्टच हवा असेल तर एक किंवा दोन भोकं पाडायची, त्याहून जास्त नाही, आणि ती चुंबकाने शाबूत ठरवलेल्या जागीच.

भोक पाडलं की खरं काम सुरू होतं, आणि इथेच मिस्त्री घाई करतात. ड्रिलने कड उघडी पडते, चकचकीत दिसते. तिला प्राइमर लावून तो वाळू द्यायचा. अर्धा तास, चहा घ्या. मग सीलंट, मग रबरी वायसर, मग बोल्ट, आणि आतून रुंद वायसर टाकून नट. सीलंटची ट्यूब उघडल्यावर सिरक्यासारखा आंबट वास आला तर ते घरगुती सिलिकॉन आहे, खिडक्यांच्या काचांना लावतात ते. वाळताना त्यातून आम्ल सुटतं आणि उघड्या पत्र्यावर ते गंज धरवतं. गाडीच्या बॉडीसाठीचं पॉलियुरेथेन सीलंट मागा. ट्यूब अडीचशे-चारशेची येते आणि पुष्कळ उरते. आतलं रूफ लायनिंग बोल्टच्या जागी सोडवून परत नीट बसवलं की नाही तेही पाहा. ड्रिलचा बारीक चुरा टपावर तसाच राहिला तर पहिल्या पावसानंतर तिथे लाल ठिपके उमटतात, म्हणून फडक्याने नाही, ब्रशने झाडून मग पाण्याने धुवायला सांगा.

टपावर थेट वेल्डिंग करू देऊ नका. मारायला सोपं आणि मिस्त्रीला आवडतं, पण आतल्या बाजूचा रंग जळतो आणि तो दिसत नाही, गंज आतून येतो. लायनिंगला आग लागण्याची भीती वेगळी. ब्रॅकेट जमिनीवर वेल्ड करून आणायचे आणि गाडीवर फक्त आवळायचे. काही कारणाने गाडीवर वेल्डिंग करावंच लागलं तर आधी बॅटरीचा मायनस काढायला लावा, नाहीतर ऑल्टरनेटर किंवा इंजिनचा कंट्रोल बॉक्स जाऊ शकतो आणि तो खर्च व्हायझरच्या कितीतरी पट.

व्हायझरची मागची कड आणि टप यांच्यात दोन-तीन सेंटिमीटर फट राहू द्या. वारा तिथून वर निघून जातो, दाब कमी होतो आणि पावसाचं पाणी, पानं अडकून राहत नाहीत. पुष्कळ जण ती फट रबर लावून बुजवतात. दिसायला नीटनेटकं, पण आवाज आणि ओढ दोन्ही वाढतात.

मजुरी क्लॅम्पच्या कामाला तीनशे ते सहाशे, भोक आणि सीलिंगच्या कामाला पाचशे ते आठशे. मौद्यातच होणारं काम आहे. पत्रा सडका निघाला आणि काच उतरवायची वेळ आली तरच नागपूरच्या वाटेवर कापसी-महालगावच्या बाजूला, ट्रकची कामं करणाऱ्या गॅरेजांत जावं. तिथे जाऊन येण्याचं डिझेल आणि माथनीचा टोल हिशेबात धरा. एक दिवसाचं भाडं बुडेल तेही धरा, बहुतेकांच्या यादीत ते नसतंच.

फिटनेस आणि कायदा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदींशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडीच्या रुंदीच्या आत राहणारा, पुढे बंपरच्या बाहेर न येणारा, आरसे आणि काचेतलं दृश्य न झाकणारा, पाना लावून काढता येणारा व्हायझर ही सुटी ॲक्सेसरी आहे, आणि तो तसाच राहील असं पाहणं तुमच्या हातात आहे. दोन्ही बाजूंना टपापेक्षा बाहेर पंख काढलेले, टोकदार कडांचे व्हायझर घेऊ नका. पुलाच्या गर्दीत दुचाकीवाल्याच्या डोक्याच्या उंचीवर ती कड येत नसली तरी उभ्या गाडीजवळ मालाच्या पायरीवर चढणाऱ्या हमालाला ती लागते.

व्हायझरवर एलईडीच्या पट्ट्या आणि फोकस बसवायची हौस पुष्कळांना असते. केंद्रीय मोटार वाहन नियम १११ प्रमाणे समोर स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला मनाई आहे, नोंदणी अधिकाऱ्याने विशेष परवानगी दिली तरच चालतं. त्यात वायर टपाच्या भोकातून आत घेतली की पाण्याला आयती वाट. हे नकोच.

उन्हाला उपाय म्हणून काळी फिल्म चिकटवणारेही आहेत. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये काचेवरच्या फिल्मबाबत निकाल दिला तेव्हापासून समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आत आला पाहिजे, हे सगळ्यांच्या कानावर आहे. रस्त्यावर उभं राहून हे टक्के सिद्ध करत बसण्यापेक्षा व्हायझर बरा.

आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस करावं लागतं. मौद्याच्या गाड्या नागपूर ग्रामीणच्या, एमएच-४० च्या. फिटनेसची तारीख जवळ असेल तर आधी फिटनेस उरकून घ्या, व्हायझर नंतर. तपासणीत हरकत निघाली तर क्लॅम्पचा व्हायझर दहा मिनिटांत उतरवता येतो. भोक मारून पक्का केलेला उतरवला की मागे उघडी भोकं राहतात.

विम्याचंही एक आहे. बाहेरून बसवलेल्या वस्तूची किंमत पॉलिसीत वेगळी दाखवलेली नसेल तर अपघातात तिची भरपाई मिळत नाही. दोन हजारांच्या व्हायझरसाठी प्रीमियम वाढवण्यात अर्थ नाही, पण नवी काच घातली असेल तर तिचं बिल जपून ठेवा.

डिझेलचा खर्च कोणी सांगत नाही

व्हायझर एकदा बसला की संपलं, असं नाही. वाऱ्याची ओढ रोज डिझेल मागते. बसवताना आठ-दहा किलो धरले ते मजबुतीसाठी. इथे समजा हायवेच्या वेगाला गाडीवर तीन ते पाच किलोची जास्तीची ओढ पडते. इंजिनाची कार्यक्षमता धरून हिशेब केला तर शंभर किलोमीटरला पाव ते जवळपास अर्धा लिटर जादा जातं. महिन्याला दोन हजार किलोमीटर हायवे करणाऱ्याचे पाच ते नऊ लिटर, म्हणजे साडेचारशे ते आठशे रुपये. वर्षभरात व्हायझरच्या किमतीच्या दुप्पट-तिप्पट. गाडी केबिनच्या वर ताडपत्री बांधून, उंच भरून चालत असेल तर वारा तसाही तिथे अडतो आणि व्हायझरने पडणारा फरक कमी होतो. गावातल्या गावात, ४०-५० च्या वेगाने फिरणाऱ्या गाडीला तो फारसा जाणवणारही नाही. रिकामी किंवा कमी उंचीचा माल घेऊन नागपूर-भंडारा पळणाऱ्याने मात्र हा आकडा लिहून ठेवावा.

म्हणूनच माझा कल काढ-घाल करता येणाऱ्या क्लॅम्पकडे आहे. होळीनंतर चढवायचा, पाऊस नीट लागला की उतरवून घरात ठेवायचा. तीन-साडेतीन महिने सावली मिळते, उरलेले आठ-नऊ महिने डिझेल वाचतं, आणि प्लास्टिकचा असेल तर आयुष्यही वाढतं. क्लॅम्पच्या सेटला दोनशे-तीनशे जास्त लागले तरी ते पहिल्याच हंगामात वसूल होतात. चढवताना-उतरवताना गटरमध्ये साचलेली माती काढून टाका. त्या मातीतच ओल धरते आणि गटर सडायला तिथूनच सुरुवात होते.

एकूण गोळाबेरीज अशी. टप शाबूत, गटर असलेली गाडी, फायबर किंवा अ‍ॅल्युमिनियमचा व्हायझर आणि क्लॅम्प: दोन ते साडेतीन हजार. गटर नाही, एक-दोन भोकं आणि सीलिंग: त्यात पाचशे ते हजार वाढवा. रबर बदलायचं आणि थोडा गंज: चार ते साडेपाच हजार. पत्र्याला तुकडे लावायचे: सात-आठ हजार, आणि काच फुटली तर त्याहून वर. शेवटच्या दोन गटांतल्या मालकांनी यंदा व्हायझर सोडून द्यावा आणि तेच पैसे टपावर घालावेत. गळका टप चार महिन्यांत वायरिंगपर्यंत पोचतो.

बिल घ्या, साध्या कागदावर का होईना. त्यावर गाडीचा नंबर, काय बसवलं, कोणतं सीलंट, किती भोकं आणि "पहिल्या पावसात गळलं तर मोफत दुरुस्ती" हे वाक्य लिहून सही घ्या. नेहमीचा मिस्त्री असला तरी याचा राग येण्याचं कारण नाही. चांगला कारागीर हे वाक्य हसत लिहून देतो. स्वतःची गाडी स्वतः चालवून पोट भरणारा माणूस ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली ग्राहकच आहे, गाडी धंद्याची आहे म्हणून त्याला हाकलून देता येत नाही. बोलून काम झालं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि नागपूरच्या जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही. बसवल्यावर आठवड्याने सगळे नट पुन्हा एकदा आवळायचे असतात. त्यासाठी गाडी परत कधी आणायची, तो दिवस त्याच कागदावर लिहून घ्या.